फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर, तरी फाइल जाईना

टॉवेलवाली_भवानीपेठ

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे, लई वैताग आलाय.

आमचं टेरी टॉवेल आणि चादरीचं छोटं युनिट आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीत. ऑफिस मात्र भवानी पेठेत घरातच, खाली ऑफिस आणि वर घर. सॅम्पल आलं की मी फोनवर फोटो, व्हिडिओ काढते आणि लॅपटॉपवर घेऊन पार्टीला मेल करते. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून बघितलं, पण मरून बॉर्डरमधले लूप झूम केल्यावर दिसतच नाहीत, नुसता सपाट रंग दिसतो. पार्टीला तर विणच बघायची असते, ते म्हणतात मॅडम ओरिजिनल फाइल पाठवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फोटो चांगले जातात, पण मोठा व्हिडिओ आधी नेटवर चढवा मग उतरवा, आमच्या पेठेत संध्याकाळी नेटची जी अवस्था असते त्यात ते होणं अवघड.

म्हणून क्विक शेअर, ते गूगलचं जवळच्या जवळ फाइल पाठवायचं अॅप, टाकलं लॅपटॉपवर. फोनमध्ये लॅपटॉपचं नाव दिसतंय, पाठवा म्हटलं की एक तर कनेक्टिंगवर अडकतंय नाहीतर इतकं हळू चाललंय की मी मधेच बंद करते. मग कुणीतरी तसलंच लोकलसेंड नावाचं अॅप सांगितलं, त्यात तर नावच दिसंना. आणि गंमत बघा, कधीकधी सकाळी सगळं नीट चालतं, तोच फोन तोच लॅपटॉप. वायफाय एकच आहे, नाव तेच, पासवर्ड तोच. लॅपटॉप विंडोज ११, फोन अँड्रॉइड १४. काय होऊलालंय कळंना. केबल लावा म्हणू नका प्लीज, ते मला येतं, पण गोडाऊनमध्ये उभं राहून पंचवीस सॅम्पलचे फोटो काढायचे आणि दर वेळी केबल शोधत खाली यायचं हे नको झालंय.

होटगीरोडचा_पोरगा

अक्का, पहिला संशय फायरवॉलचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणाऱ्या लॅपटॉपमधल्या पहारेकऱ्याचा. विंडोज नवीन वायफायला जोडलं की त्याला पब्लिक नेटवर्क धरतं, म्हणजे स्टेशनवरच्या वायफायसारखं, आणि मग बाकीच्या डिव्हाइसपासून स्वतःला लपवून ठेवतं. सेटिंग्जमध्ये जा, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, मग जोडलेल्या वायफायचं प्रॉपर्टीज उघडा, तिथं पब्लिक असेल तर प्रायव्हेट करा. मग लोकलसेंड पहिल्यांदा उघडताना फायरवॉलची खिडकी आली असेल आणि घाईत कॅन्सल दाबलं गेलं असेल तर ते अॅप कायमचं ब्लॉक होऊन बसतं. कंट्रोल पॅनलमध्ये विंडोज डिफेंडर फायरवॉल, तिथं अॅपला परवानगी द्यायची यादी आहे, त्यात लोकलसेंडपुढे प्रायव्हेटची टिक बघा.

काही लोक सरळ फायरवॉलच बंद करा सांगतात. तसं बिलकुल करू नका, ऑफिसचा लॅपटॉप आहे, टॅली असेल, जीएसटीचं सगळं असेल. एका अॅपसाठी सगळं दार उघडं टाकायचं काही कारण नाही.

शेंगापोळी

शेअरइट टाका की, आम्ही कॉलेजला असताना सगळे पिक्चर त्यावरच घ्यायचो, दोन मिनिटांत काम.

जुळेसोलापूर_नेट

शेअरइट आणि झेंडर दोन्हीवर भारतात बंदी आहे, जून २०२० मध्ये टिकटॉकबरोबर ५९ अॅप बंद झाली त्यातच ही होती. प्ले स्टोअरवर मिळणार नाही, आणि कुठल्यातरी साइटवरून एपीके (अॅपची फाइल) उतरवून धंद्याच्या फोनमध्ये टाकणं अजिबात नको, त्या फाइलमध्ये कुणी काय घातलंय कुणास ठाऊक.

ताई, होटगी रोडवाल्यानं सांगितलं ते आधी करून बघा. फोनमध्ये व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारं एखादं अॅप चालू असेल तर तेही बंद करा, ते घरातलं ट्रॅफिक पण स्वतःकडे ओढून घेतं बऱ्याचदा. एक मात्र सांगून ठेवतो. क्विक शेअरमध्ये नाव दिसणं आणि फाइल जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव शोधायला ब्लूटूथ वापरतात, म्हणून नाव दिसतं. फाइल वायफायवरून जायला पाहिजे, आणि वायफायची वाट मिळाली नाही की ते ब्लूटूथवरच रखडत बसतं. म्हणजे तुमच्याकडे ब्लूटूथ ठीक आहे, वायफायच्या वाटेत काहीतरी आडवं येतंय. अॅप बदलून उपयोग नाही, वाट शोधली पाहिजे.

टॉवेलवाली_भवानीपेठ

केलं सगळं. पब्लिकच होतं, प्रायव्हेट केलं. लोकलसेंडला टिक आधीपासून होती. व्हीपीएन नाही. फरक शून्य.

पण एक नवीन गोष्ट कळली. फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये एफटीपीचा पर्याय आहे, तो चालू केला की एक पत्ता दिसतो. तो पत्ता लॅपटॉपच्या फाइल एक्सप्लोररमध्ये वर टाकला तर फोनचे सगळे फोल्डर उघडले! फोटो कॉपी पण झाले. म्हणजे लॅपटॉप फोनपर्यंत पोचतोय, फोनला मात्र लॅपटॉप दिसत नाही. असं एकाच बाजूनं कसं काय?

निवृत्त_गुरुजी

ताई, एकच बाजू चालते याचा अर्थ लॅपटॉप येणाऱ्याला अडवतो आहे. मी घरी फोल्डर शेअर करून वापरतो. लॅपटॉपवर एक फोल्डर करा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग. मग फोनमधल्या फाइल मॅनेजरमध्ये नेटवर्क किंवा एसएमबी (विंडोजची फोल्डर शेअर करायची पद्धत) निवडून लॅपटॉपचा पत्ता द्या. यात बहुतेक लोक एका ठिकाणी अडकतात ते सांगतो. पासवर्ड विचारतो तिथे लॅपटॉप उघडायचा चार आकडी पिन चालत नाही. पिन फक्त त्या यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून अकाउंटचा खरा पासवर्डच लागतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर त्या ईमेलचा पासवर्ड. आणि ज्या अकाउंटला पासवर्डच ठेवलेला नाही, त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. कुठेतरी जुन्या लेखात एसएमबी १ चालू करा असे लिहिलेले सापडेल, ते करू नये, जुनी आणि धोक्याची पद्धत आहे, विंडोजने ती २०१७ पासून मुळातच बंद ठेवलेली आहे.

जुळेसोलापूर_नेट

गुरुजी, तुमची पिनची माहिती शंभर टक्के बरोबर, त्यात लोकांचे दिवस जातात. पण इथे मला फायरवॉल वाटत नाही, टिक आहे, प्रायव्हेट आहे. आणि फायरवॉल असती तर सकाळी पण चाललं नसतं. ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय कधीकधी चालतं म्हणून, ते महत्त्वाचं आहे.

ताई, दोन आकडे पाहिजेत. लॅपटॉपवर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, काळी खिडकी येईल, त्यात आयपीकॉन्फिग लिहून एंटर मारा. वायफायच्या खाली आयपीव्ही४ अॅड्रेस आणि डिफॉल्ट गेटवे (म्हणजे राउटरचा पत्ता) असे दोन पत्ते असतील. फोनमध्ये वायफायच्या नावापुढच्या चाकावर दाबा, तिथं खाली आयपी अॅड्रेस आणि गेटवे मिळेल. फाइल जात नाही त्याच वेळेला बघायचं हां, चालत असताना नाही. चारही लिहा इथं, घरातले पत्ते आहेत, बाहेरच्याला त्याचा काही उपयोग नाही.

आणि घरात वायफायची डबी एकच आहे का दोन?

टॉवेलवाली_भवानीपेठ

लॅपटॉप १९२.१६८.०.१०४, गेटवे १९२.१६८.०.१
फोन १९२.१६८.१.७, गेटवे १९२.१६८.१.१

डब्या दोन आहेत. वर घरात फायबरवाल्यांची पांढरी डबी आहे, तिची रेंज खाली ऑफिसच्या आतल्या खोलीत येत नव्हती म्हणून मागच्या वर्षी एक राउटर घेतला, वरच्या डबीतून वायर आणून त्याला लावलीय. बसवायला आलेल्या पोरानं दोन्हीला तेच नाव आणि तोच पासवर्ड टाकून दिला, म्हणजे सगळ्यांना सोपं. म्हणून मी एकच वायफाय लिहिलं.

जुळेसोलापूर_नेट

सापडलं. तिसरा आकडा बघा, लॅपटॉपचा ० आणि फोनचा १. नाव एकच असलं तरी नेटवर्क दोन आहेत. तुमचा फोन वरच्या डबीवर आहे आणि लॅपटॉप खालच्या राउटरवर. फोन एकदा एका डबीला चिकटला की रेंज अगदी जाईपर्यंत सोडत नाही, तुम्ही वरून जिना उतरून खाली आलात तरी तो वरच्याच डबीवर लोंबकळत राहतो. सकाळी तुम्ही बहुतेक बाहेरून थेट ऑफिसात येत असाल, मग फोन खालच्या राउटरला जोडतो आणि सगळं चालतं.

आता एकाच बाजूनं का चालतं ते. जुन्या पेठेतल्या वाड्यासारखं समजा, वाड्याच्या आत आणखी एक बंद चौक. आतल्या चौकातला माणूस बाहेरच्या अंगणात येऊ शकतो, पण अंगणातल्याला आत कोण राहतं तेच माहीत नाही. लॅपटॉप आतल्या चौकात, तो बाहेर येऊन फोनचे फोल्डर उघडतो, म्हणून तुमची एफटीपी चालली. फोन अंगणात, त्याला लॅपटॉपचा पत्ताच सापडत नाही. लोकलसेंड तर आसपास कोण आहे अशी हाक मारून शोधतं, आणि ती हाक राउटर ओलांडून पलीकडे जातच नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी नाव दिसत नाही.

आत्ता लगेच काम पाहिजे असेल तर फोनचं वायफाय बंद करून परत चालू करा, खाली उभं राहून, तो खालच्याला जोडेल. कायमचं करायचं तर खालच्या राउटरला राउटरचं काम करू द्यायचं नाही, त्यानं फक्त रेंज द्यायची.

लॅपटॉपवरून ब्राउजरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा, राउटरच्या मागच्या स्टिकरवर लॉगिन असतं. ऑपरेशन मोड असा पर्याय शोधा, तिथं अॅक्सेस पॉइंट असेल तर निवडा, सेव्ह करा, राउटर बंद होऊन चालू होईल आणि झालं. बहुतेक नव्या राउटरमध्ये हे असतं.

नसेल तर हातानं करायचं, पण क्रम चुकवू नका. आधी वरून आलेली वायर राउटरमधून काढा. मग राउटरच्या पानावर लॅनमध्ये (म्हणजे घरातल्या बाजूच्या सेटिंगमध्ये) जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.१.२५० असा काहीतरी करा जो वरची डबी दुसऱ्या कुणाला देणार नाही. वायर न काढता केलंत तर राउटर हा पत्ता घेणारच नाही, कारण त्याला वॅनवर, म्हणजे बाहेरून नेट येतं त्या बाजूला, पण १ चंच नेटवर्क दिसत असतं. राउटर परत चालू झाला की नव्या पत्त्यावर लॉगिन करा आणि डीएचसीपी, म्हणजे डिव्हाइसना पत्ते वाटायचं काम, बंद करा. हे राहून गेलं तर घरात दोन डब्या पत्ते वाटायला लागतात आणि कुणाचं नेट चालतं कुणाचं नाही असा घोळ होतो. सगळ्यात शेवटी वरची वायर लावा, पण वॅनच्या वेगळ्या रंगाच्या खाचेत नाही, बाजूच्या लॅनच्या कुठल्याही खाचेत. तो नवा पत्ता राउटरच्या खाली पट्टीवर लिहून चिकटवून ठेवा, पुढे कधी पासवर्ड बदलायचा झाला तर लागेल.

यानंतर नाव आणि पासवर्ड दोन्हीला एकच राहू द्या, मग ते चांगलंच आहे. फोन कुठल्याही डबीवर असला तरी नेटवर्क एकच राहील.

होटगीरोडचा_पोरगा

मानलं दादा. तिसरा आकडा आधी बघायला पाहिजे हे आता पक्कं डोक्यात बसलं.

रूम_पार्टनर

दादा याच धाग्यात विचारतो. मी हॉस्टेलला आहे, माझा फोन आणि लॅपटॉप दोन्हीचा तिसरा आकडा सेम आहे, गेटवे पण सेम आहे, तरी लोकलसेंड दिसत नाही आणि एफटीपी पण उघडत नाही, दोन्ही बाजूंनी बंद. फायरवॉल प्रायव्हेट करून झालं. प्रोजेक्टचे व्हिडिओ घ्यायचेत लॅपटॉपवर, सबमिशन जवळ आलंय.

जुळेसोलापूर_नेट

लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत पिंग लिहून स्पेस देऊन फोनचा पत्ता टाक. फोनची स्क्रीन चालू ठेव. उलट बाजूनं करू नकोस, विंडोज बऱ्याचदा पिंगला उत्तरच देत नाही आणि उगाच दिशाभूल होते. रिक्वेस्ट टाइम्ड आउट किंवा अनरीचेबल आलं तर समज तिथं आयसोलेशन चालू आहे. म्हणजे राउटर प्रत्येकाला इंटरनेट देतो पण एकाला दुसऱ्याशी बोलू देत नाही. हॉस्टेल, हॉटेल, लॉज, हॉस्पिटल, जिथं अनोळखी माणसं एका वायफायवर असतात तिथं हे मुद्दाम ठेवतात आणि ते बरोबरच आहे, नाहीतर शेजारच्या रूममधला तुझा फोन चाळत बसेल. घरच्या राउटरवर गेस्ट नावाचं वेगळं वायफाय असतं त्यातही हेच असतं.

तुझ्यासाठी सोपा मार्ग म्हणजे हॉस्टेलचं वायफाय मधे घ्यायचंच नाही. फोनचा मोबाइल डेटा बंद कर, हॉटस्पॉट चालू कर, लॅपटॉप त्याला जोड. आता फोन आणि लॅपटॉप दोघंच आहेत, फाइल थेट जाते, डेटा पॅकमधलं काहीच जात नाही कारण इंटरनेट मधे नाहीच. किंवा उलटं, विंडोजच्या सेटिंग्जमधला मोबाइल हॉटस्पॉट चालू कर आणि फोन लॅपटॉपला जोड, मग लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१३७.१ असतो. लोकलसेंडला इंटरनेट लागतच नाही, दोन्हीकडे आधी उतरवून ठेवलेलं असलं की पुरे.

रूम_पार्टनर

टाइम्ड आउटच आलं. हॉटस्पॉटवर पहिल्या झटक्यात दिसलं, सगळे व्हिडिओ आले. लई लई धन्यवाद दादा.

टॉवेलवाली_भवानीपेठ

झालं!! माझ्या राउटरमध्ये अॅक्सेस पॉइंटचा पर्याय होता, भावाला बसवून करून घेतलं. आता वर गच्चीवर उन्हात चादर टाकून फोटो काढला तरी तिथूनच पाठवता येतो, खाली लॅपटॉपवर येऊन पडतो. उन्हात रंग खरा येतो म्हणून आम्ही शक्यतो गच्चीवरच फोटो काढतो, आणि त्यासाठी खालीवर किती करावं लागायचं ते मला विचारा. ३८० एमबीचा व्हिडिओ होता जेकार्ड चादरीचा, अर्ध्या मिनिटाच्या आत आला. आणि लूपन् लूप दिसतोय.

पण एक झालं, ऑफिसचा प्रिंटर बंद पडला. ऑफलाइन दाखवतोय. हे त्यामुळेच का?

जुळेसोलापूर_नेट

हो त्यामुळेच. प्रिंटरला कुणीतरी हातानं जुना पत्ता पक्का करून दिलेला असणार, १९२.१६८.०. काहीतरी. आता ते नेटवर्कच राहिलं नाही. प्रिंटरच्या मेनूमध्ये नेटवर्कमध्ये जाऊन पत्ता ऑटो करा, किंवा १९२.१६८.१.२०० असा द्या, मग लॅपटॉपवरून जुना प्रिंटर काढून परत अॅड करा. कॅमेऱ्याची डीव्हीआर त्या राउटरवर असेल तर तिचंही हेच बघा, आत्ताच बघा, चोरी झाल्यावर रेकॉर्डिंग नाही असं नको.

टॉवेलवाली_भवानीपेठ

प्रिंटर चालू झाला. डीव्हीआर वरच्या डबीवरच आहे, ती ठीक आहे. खूप आभार दादा, आणि होटगी रोडवाल्या भावाचे, गुरुजींचे पण.

निवृत्त_गुरुजी

एक शंका. आमचे नेट १०० एमबीपीएसचे आहे, मग घरातल्या घरात फाइल जाताना वेग ५ किंवा ६ च का दाखवतो?

होटगीरोडचा_पोरगा

गुरुजी, घरातल्या घरात फाइल जाते त्याचा नेटच्या प्लॅनशी संबंधच नाही, प्लॅन संपलेला असला तरी तोच वेग येईल. आणि प्लॅन मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, ८ बिटांचा १ बाइट. म्हणजे तुमचे ५-६ हे ४०-५० मेगाबिट झाले, २.४ गिगाहर्ट्झवर, शेजारपाजारच्या दहा डब्यांच्या गर्दीत तेवढंच मिळतं. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असेल, नावापुढे ५जी लिहिलेला, तो मोबाइलचा ५जी नव्हे, तर त्यावर फोन आणि लॅपटॉप दोन्ही जोडा. एकच जोडून भागत नाही. त्याची रेंज कमी असते, भिंत मधे आली की लगेच पडतो, पण त्याच खोलीत असाल तर फरक फार मोठा आहे. ब्लूटूथशी तुलना केली तर ताईंचा तो ३८० एमबीचा व्हिडिओ ब्लूटूथवर अर्धा तास सहज खाल्ला असता.

शेंगापोळी

मीपण लोकलसेंड टाकलं मग. सगळं चालतंय पण मित्राच्या लग्नाचा व्हिडिओ, ६ जीबीचा आहे, तो दर वेळी मधेच फेल होतो. लहान फाइली सगळ्या जातात.

जुळेसोलापूर_नेट

कुठं सेव्ह करतोयस, फोनच्या मेमरी कार्डवर का? ३२ जीबीपर्यंतची कार्डं आणि जुने पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असतात, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही, कार्ड रिकामं असलं तरी. वायफायचा दोष नाही. फोनच्या आतल्या मेमरीत घे, नाहीतर कार्डातलं सगळं दुसरीकडे ठेवून ते एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कर, पण आधी तुझा फोन एक्सफॅट वाचतो का ते बघ. आणि इतकी मोठी फाइल असेल तर स्क्रीन बंद होऊ देऊ नकोस, बॅटरी सेटिंगमध्ये लोकलसेंडला अनरिस्ट्रिक्टेड कर, काही फोन बॅटरी वाचवायला मागचं अॅप मधेच मारून टाकतात.

शेंगापोळी

कार्डवरच होतं. आतल्या मेमरीत गेला एकदाचा.

टॉवेलवाली_भवानीपेठ

अजून एक विचारते दादा. ती एफटीपी चालू राहिली तर चालेल का, मला ती पण आवडली. आणि माझ्या जाऊबाईंकडे आयफोन आहे, त्या पण कधीकधी फोटो काढतात, त्यांना लोकलसेंडमध्ये लॅपटॉप दिसत नाही. त्यांचा तिसरा आकडा बघितला, बरोबर आहे, १ च आहे.

जुळेसोलापूर_नेट

एफटीपी काम झालं की बंद करा. त्यात पासवर्ड आणि फाइल दोन्ही उघडेच जातात, त्याच वायफायवरचा कुणीही वाचू शकतो, आणि बऱ्याच फोनमध्ये तर पासवर्डच नसतो. घरात ठीक, बाहेरच्या वायफायवर कधीच नाही. लोकलसेंड मधलं सगळं कुलूपबंद करून पाठवतं, रोजच्या कामाला तेच ठेवा.

आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथं लोकल नेटवर्क म्हणून यादी आहे, त्यात लोकलसेंडचं बटण बंद असणार. अॅप पहिल्यांदा उघडताना तो विचारतो आणि लोक डोन्ट अलाऊ दाबतात. ते चालू करा, अॅप पूर्ण बंद करून परत उघडा, दिसेल.

टॉवेलवाली_भवानीपेठ

दिसलं. त्यांनी टॉवेलचे चार फोटो पाठवले पण, आले, पण एचईआयसी असं काहीतरी नाव आहे शेवटी, पार्टीला उघडेल का?

होटगीरोडचा_पोरगा

एचईआयसी हा आयफोनचा फोटोचा फॉरमॅट आहे, पार्टीकडे जुनं विंडोज असेल तर अडेल. जाऊबाईंच्या आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथं मोस्ट कम्पॅटिबल निवडा, पुढचे फोटो जेपीजीमध्ये निघतील, जागा थोडी जास्त घेतात एवढंच. हे चार आहेत ते लॅपटॉपवर फोटोज अॅपमध्ये उघडून सेव्ह अॅज करून जेपीजी करा. उघडले नाहीत तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून हाइफ इमेज एक्स्टेन्शन टाका, फुकट आहे.